राऊनंतरचा चेहरा

नाना, काल मी महूला गेलो आणि एका परक्या घोड्याच्या मानेला मिठी मारून रडलो.

घोडा शांत होता, त्याचा मोतद्दार मात्र बावरला. थोडा वेळ त्याने मला रडू दिलं, मग हळूच म्हणाला, "बाबूजी, अभी तो ये दौड़ा भी नहीं." हरल्यावर रडणारे त्या बिचाऱ्याने रग्गड पाहिले असतील, आधीच उरकून घेणारा मी पहिलाच. मी डोळे पुसले, खिडकीवर गेलो आणि त्याच घोड्यावर पैसे लावले. का, तर त्याने मला रडू दिलं म्हणून. तो सगळ्यांच्या मागे, चरायला निघाल्यासारखा आला. तू असतास तर म्हणाला असतास, "मुन्शी, घोडा बघायला गेला होतास की सोयरीक जुळवायला?"

पण तू नाहीस. तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले. बेटम्याचे तुझे मेहुणे वहिनींना म्हणाले, चार दिवस चल आमच्याकडे. वहिनी नको म्हणाल्या. आपल्या रामबागेत सगळं जागच्या जागी आहे, माझं एक सोडून. शनिवार उजाडला की पाय आपोआप स्टेशनकडे वळतात. आमची ही म्हणते, "जाऊ नका." मी म्हणतो, "मग खायचं काय?" नोकरी लागायचं माझं वय गेलं. हा एक धंदा आपल्याला येतो अशी समजूत होती, ती काल फिटली. येत होतं ते तुला. मी शेजारी उभा राहत होतो.

आणि खरं सांगतो, काल मी पैशासाठी गेलोच नव्हतो. मी वहिनींपासून पळून गेलो होतो.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर त्यांनी मला मागच्या अंगणात गाठलं. हातावर पाणी घेत होतो. "भाऊजी, एक विचारते, खरं सांगा. गेले त्या दिवशी ते हरले होते का?" मी पाणी घेतच राहिलो. त्या म्हणाल्या, "सकाळी निघताना मी त्यांना बोलले होते. म्हटलं, एकदा सपाटून हरा म्हणजे सुटेल हे घोड्यांचं खूळ. माझं ऐकलं का हो देवाने?"

नाना, मी काय केलं असेल? मी चेहरा लावला. आपला तो, तू शिकवलेला. म्हटलं, "वहिनी, सावकाश बोलू." आणि सटकलो. तेव्हापासून तुझ्या घराच्या गल्लीने जात नाही, वळसा घालून मंडईला जातो. उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. उत्तर इतकं सोपं होतं, एका शब्दाचं. पण त्या शब्दाच्या पाठीमागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं.

आठवतं ना, संस्थान विलीन झालं तेव्हा आपण दोघं पाठोपाठ बेकार झालो? तू रिसाल्यातला साळोत्री, घोड्यांचा वैद्य. मी दरबारच्या कचेरीत मुन्शी. रिसाला मोडला, घोडे लिलावात निघाले. माझी कचेरी मध्यभारत सरकारने पोटात घेतली, मला तेवढं बाहेर ठेवलं. राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं इंदुरात. मला कुठल्या अर्ध्यात बसवायचं हेच त्यांचं ठरेना, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर माझं अक्षर कोणाला लागत नव्हतं.

लिलावाच्या दिवशी तू लालबागेकडच्या रस्त्यावर उभा राहिलास. एकेक घोडा नवा मालक घेऊन चालला होता. तू प्रत्येकाला थांबवून सांगत होतास, याचा मागचा डावा जपा, हिला ओला चारा एकदम देऊ नका, हा मेघांच्या गडगडाटाला भितो. डोळ्यांत टिपूस नाही. आणि शेजारी मी ढसाढसा रडतोय, ज्या घोड्यांपैकी एकाने मला आयुष्यात एकदाच पाठीवर घेतलं होतं आणि लगेच खाली ठेवलं होतं, त्यांच्यासाठी.

आपल्या भांडणाची सुरुवात तिथली. मी विचारलं, "नाना, तुला काळीज आहे की नाही?"

"आहे. पण ते बाहेर काढून दाखवलं की घोडा बिचकतो."

"घोडे गेले आता."

"मग तू बिचकशील," तू म्हणालास आणि चालायला लागलास.

मग पोटासाठी आपण महूच्या शर्यती धरल्या. घोडा तू बघायचा, भाव मी बघायचा, असं आपलं ठरलं. लोक जुगारी म्हणाले तर म्हणू देत. पण तू त्याची नोकरीच करून टाकलीस. शनिवारी सकाळची गाडी, धुतलेला कोट, डोक्यावर साफा. दिवसाला एकच घोडा, तोही रिंगणात डोळ्यांनी पाहिलेला. मुंबई-पुण्याच्या शर्यतींवर तारेने पैसे लावणाऱ्यांना तू पत्रिका बघून लग्न करणारे म्हणायचास. आणि पैसे लावले की तू शर्यतीकडे पाठ करायचास. सगळं मैदान टाचा उंचावून ओरडतंय, आणि रिसाल्याचा साळोत्री कुंपणाला टेकून उलट्या बाजूला तोंड करून भुईमूग सोलतोय.

"अरे, बघ तरी, आपला पुढे आहे," मी कळवळून म्हणायचो.

"मी बघितलं तर तो जास्त पळणार आहे का? शेंग खा."

मी शेंग खायचो, टरफलासकट. कितीदा तरी.

आपण पहिल्यांदा चांगलं जिंकलो तो दिवस तू मला शेवटपर्यंत ऐकवलास. मी टोपी हवेत फेकली. ती माझ्या हयातीतली सगळ्यांत सरळ फेक असेल, कुंपण ओलांडून नेमकी धावपट्टीवर पडली. कोणाच्या लक्षात येईपर्यंत पुढची शर्यत सुटली, आघाडीचा घोडा माझ्या टोपीला बिचकून बाजूला झाला, आणि मैदानभर बोडक्या माणसाचा शोध सुरू झाला. तू शांतपणे आपला साफा काढून माझ्या डोक्यावर ठेवलास. रिसाल्यात इतकी वर्षं काढलेला माणूस उघड्या डोक्याने फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. फाटकावरच्या शिपायाने तुला अडवलं. "टोपी किधर है?" तू म्हणालास, "घर पे है, भिया. बहुत गरमी है." मी शेजारी साफा सावरत संस्थानिकासारखा उभा.

त्या दिवशी परतीच्या गाडीत तू राऊचा नियम केलास. "ऐक मुन्शी. महू ते राऊ तुझं राज्य. हस, रड, नाच, माझ्या नावाने शिमगा कर. राऊला गाडी थांबली की नळावर तोंड धुवायचं. तिथून पुढे घरचा चेहरा. जिंकलो तरी तोच, हरलो तरी तोच. आपलं तोंड बघून घरात काय शिजवायचं ते ठरायला लागलं, की आपण जुगारी झालो. आत्ता आपण धंदा करून राहिलोय."

तू तो नियम असा पाळायचास की मला तुझी भीती वाटायची. राऊपर्यंत माझ्या बरोबरीने चेष्टा करणारा, घोडेस्वारांच्या नकला करणारा माणूस नळावरून आला की दगडाची मूर्ती. मला ते कधी जमलंच नाही. जिंकलेलं असलं की राऊनंतर माझ्या तोंडून आपोआप गाणं निघायचं आणि तू नुसतं बोट वर करायचास. हरलेलं असलं की मी उसासे टाकायचो आणि तू म्हणायचास, "खिडकी लाव, वारा येऊन राहिला." तरी घर चाललं, नाना. दोन्ही घरं चालली, ती त्या नियमावर. मी हरल्याच्या रागात दुसरा घोडा धरला नाही आणि जिंकल्याच्या तोऱ्यात सगळं उधळलं नाही, कारण मला राऊच्या आत स्वतःला आवरायचं असायचं. हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायचं ते वेगळंच बोललो.

शेवटच्या भांडणात मी म्हटलं, "तू याला शांतपणा म्हणतोस. हा शांतपणा नाही नाना, हे बूच आहे. आत काय उकळतंय ते तुलाही माहीत नाही."

तू पान लावत होतास. कात सारखा करून म्हणालास, "असेल."

"असेल काय? उत्तर दे."

"शनिवारी देतो," तू विडा गालात सारलास. "आत्ता तोंडात पान आहे."

तो शनिवार आला.

देशी घोड्यांची शर्यत होती, आपण बहुधा सोडून द्यायचो ती. तू रिंगणापाशी जरा जास्तच थांबलास. एक करडी घोडी फिरत होती, अंगाने बारीक, नावही काहीतरी नवंच ठेवलेलं. तू म्हणालास, "मुन्शी, ही आपल्या पागेतली आहे."

"कशावरून?"

"मागचा पाय बघ कशी टाकते, जमीन तापल्यासारखी. हिची आई अशीच टाकायची. पोटात आडवी आली होती ही, मी कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलेली. आईच्या मागे मागे गेली लिलावात. इतकीशी होती."

तुझा आवाज मला ओळखू येईना. तू बरोबर आणलेलं होतं नव्हतं ते सगळं तिच्यावर लावायला सांगितलंस. आणि मी, ज्याने टोपी फेकली, ज्याने टरफलं खाल्ली, तो मी म्हणालो, "नाना, सबर. रोजच्याइतकेच लावू."

"आज तू गप्प बस," तू म्हणालास.

शर्यत सुटली आणि तू पाठ केली नाहीस. दोन्ही हातांनी कुंपण धरून उभा राहिलास. मी शर्यत पाहिलीच नाही, मी तुला पाहत होतो. ओठ हलत होते, रिसाल्यात घोड्यांशी बोलायचास तसं काहीतरी. घोडी मानभर पुढे आली, लोक ओरडले, आणि तू कुंपण सोडून खाली बसलास, भुईवर, धुतलेल्या कोटासकट.

गाडीत तू बोलत सुटलास. तिच्या आईचं, तिच्या आजीचं, त्या थंडीतल्या तबेल्याचं. हसत होतास. मधूनच हात कोटाच्या आत घालून छाती दाबून धरायचास. कपाळावर घाम होता. मी विचारलं, "गरम होतंय का?" तू म्हणालास, "हां, जरा." मला वाटलं, आनंद. मला वाटलं, बूच उडालं. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकलो होतो, मला माझ्याच विजयापलीकडे काही दिसत नव्हतं.

राऊला तू उतरलास. नळावर बराच वेळ होतास. येऊन बसलास तेव्हा चेहरा घरचा होता, फक्त राखेच्या रंगाचा. गाडी हलली. थोडं अंतर गेल्यावर तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "मुन्शी, ऐक."

मी तुझ्यासारखं बोट वर केलं, नाना. "राऊ गेलं. नियम म्हणजे नियम."

जन्मभर तू मला गप्प केलंस, एकदा मला संधी मिळाली. किती खूश होतो मी स्वतःवर. तू किंचित हसल्यासारखं केलंस आणि खिडकीबाहेर बघत बसलास. स्टेशनवरून टांग्याने आलो. माझ्या कोपऱ्यावर मी उतरलो. तू म्हणालास, "चल." मी म्हणालो, "चल." दिवेलागणीला तुमच्या शेजारचे धावत आले, तेव्हा मी आमच्या हिला टोपीचीच गोष्ट पुन्हा सांगत होतो.

काय सांगणार होतास? त्या "ऐक"च्या पुढे काय होतं? छातीत दुखतंय, हे असेल. किंवा भांडणाचं उत्तर असेल, शनिवारी देतो म्हणालेलं. किंवा नुसतंच त्या घोडीचं आणखी काही. मी रोज त्या जागी नवं वाक्य घालतो आणि रोज ते खोटं वाटतं. आणि मग तुझाच राग येतो. बोट दाखवणारा मी, कबूल आहे. पण मी आयुष्यभर तुझं बोट कधी मानलं होतं? गातच राहायचो की नाही? मग तू माझं का मानलंस? एकदा तरी माझ्यासारखा बेशिस्त व्हायचं होतंस. ओरडायचं होतंस डब्यात. साखळी ओढली असती मी. दंड झाला असता, पकडून नेलं असतं, सांगायला गोष्ट झाली असती.

वहिनींना मी तुझे त्या दिवशीचे पैसे मेहुण्यांच्या हातून पोचते केले, कशाचे ते न सांगता. सगळा व्यवहार नेहमी माझ्याकडेच असायचा, म्हणून कोणी विचारलं नाही. पैसे देणं सोपं होतं. पण त्या घरात एक बाई रोज सकाळी उठून समजत होती की तिच्या बोलण्याने तिचा नवरा गेला. आणि ते चूक आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. काल घोड्याच्या मानेत तोंड घालून मी रडलो तो याच पायी. तिथे कोणी काही विचारणार नव्हतं.

आज सकाळी मी तुझ्या गल्लीत शिरलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, बसलो असतो तर बोललो नसतो. "वहिनी, ते जिंकले होते."

त्यांचा हात सुपात थांबला.

मग मी बाकीचं सांगितलं. घोडी, कुंपण, छातीवरचा हात, घाम, राऊ, नळ, माझं बोट. माझं बोट सांगताना मी तसं बोट वर करून दाखवलं, मला सवय आहे ना सोंगाची, आणि मग ते खाली कसं घ्यायचं ते कळेना. मी म्हटलं, "तुमच्या बोलण्याने काही झालं नाही. झालं असेल तर माझ्या न बोलू देण्याने झालं."

मला वाटलं होतं, त्या रडतील. किंवा मला घराबाहेर काढतील. त्याची तयारी करून गेलो होतो, चपला सुद्धा दाराच्या तोंडाशीच काढल्या होत्या.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तुमचं राऊचं मला पहिल्यापासून माहीत होतं. चेहऱ्यावरून नाही कळायचं, पण हरून आले की जेवण गोड लागायचं त्यांना. अळणी असलं तरी छान म्हणायचे. जिंकून आले की आमटीत खोड काढायचे. त्या दिवशी ताटावर बसलेच नाहीत, म्हणून कळलं नाही. म्हणून तुम्हाला विचारलं."

आपण किती मोठे हुशार होतो, नाना.

"गाडीत हसत होते म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हो. राऊपर्यंत."

"खूप?"

"खूप, वहिनी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी कधी बघितलं नाही. रिसाला गेल्यापासून या घरात ते मोठ्याने हसलेच नाहीत. हरल्याचं मला दाखवायचं नाही म्हणून जिंकल्याचंही नाही दाखवलं." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "कसे हसायचे हो, भाऊजी?"

मी पुष्कळांच्या नकला केल्या आहेत. तुझी कधी केली नव्हती, तुझ्यासमोर सोय नव्हती. मी पाटावर बसलो. आधी खांदे हलवले, आवाज न करता, तू करायचास तसे. मग नाकातून तो फुरफुराट. वहिनी म्हणाल्या, "असे?" मी म्हटलं, "नाही, थांबा, असं नाही. आधी डोळे मिटायचे, आणि मग शेजारच्याच्या मांडीवर थाप." शेजारी कोणी नव्हतं. माझ्याच मांडीवर थाप मारली. आणि कुठून कोण जाणे, नाना, ते बरोबर आलं. तुझं हसू, तुझ्या आवाजात, तुझ्या घरात. मला थांबवता येईना. हसताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तुझ्या नकलेतलं नव्हतं, ते माझं होतं, पण मी हसत राहिलो.

वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्याच्याआड काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पुन्हा."

मी पुन्हा डोळे मिटले.